गंधाचा अभाव आणि शुद्धीचा पुरावा

गंध हा पृथ्वी या द्रव्याचा विशेष गुण आहे, असे वैशेषिक दर्शन मानते. पाण्याला किंवा वाऱ्याला वास येतो तेव्हा तो त्यांचा स्वतःचा नसून त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांचा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत औपाधिक, उसना असतो. गुण आणि द्रव्य यांच्यातील अतूट संबंधाला समवाय म्हणतात, आणि म्हणूनच द्रव्य जागेवर ठेवून त्याचा वास तेवढा काढता येत नाही. कोकणातल्या मासेमारी होडीचा खण धुणाऱ्याला हा सिद्धान्त हातानेच कळतो: फळ्यांच्या सांध्यांत अडकलेले खवले, रक्त आणि बुळबुळीत थर घासून काढल्याशिवाय कितीही पाणी ओतले तरी हिवस वास परततो. समुद्री मासळी शिळी होताना जिवाणू तिच्यात ट्रायमेथिलअमाइन हे आम्लारिधर्मी द्रव्य तयार करतात. घासून झाल्यावर व्हिनेगरच्या पाण्याचा हात फिरवला की त्याचा क्षार बनतो आणि ते उडून नाकापर्यंत पोहोचत नाही. मात्र आधी ब्लीचिंग पावडर वापरली असेल तर व्हिनेगर पूर्ण वर्ज्य, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

धूप जाळल्याने दुर्गंध केवळ झाकला जातो. होडीच्या पूजेत धुपाला स्थान आहे आणि ते योग्यच आहे, पण ते स्वच्छतेनंतरचे आहे, तिच्या बदल्यातले नव्हे.

खरा अवघड प्रश्न मात्र पुढेच आहे: वास येत नाही, एवढ्यावरून दोष गेला असे म्हणता येते काय? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे तिच्या अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतात, परंतु त्याला योग्यतेची अट घालतात: वस्तू असती तर ती जाणवलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असे ठरत नाही. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीत मिटून राहिलेल्या खणात मासळीचे अवशेष कुजले तर हायड्रोजन सल्फाइड साचू शकतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे शंभर भाग झाला की काही मिनिटांतच घ्राणेंद्रिय बधिर होते. अंधारात डोळ्याची जी गत, तीच इथे नाकाची. फरक इतकाच की अंधार दिसतो, नाकाचे बधिर होणे जाणवत नाही, आणि आत कोसळलेल्याला वाचवायला धावलेला माणूसही त्याच हवेत उतरतो. म्हणून झाकण उघडून, पंख्याने हवा खेळवून आणि वायुमापकाने तपासूनच खणात उतरावे, वर तोंडाशी एक माणूस दोर धरून उभा असावा, आणि घासायला सुरुवात होण्यापूर्वीच आतला माणूस वास गेला असे म्हणू लागला, तर त्याला तत्काळ बाहेर घ्यावे.