लेकीचं घड्याळ माझ्या मनगटावर?

आजचं वाचन: ईशोपनिषद, पहिला मंत्र. त्यागून भोगा, लोभ नको.

लेकीसाठी घेतलेलं चावीचं एचएमटी आहे. मोठी होईपर्यंत वापरू की कपाटात ठेवू? चांदूर बाजारहून आई म्हणते, "पोरीले नवंच देजो." तिची भीती खोटी नाही, 2016 मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं, पार्ट जपावेच लागतात. पण नुसतं ठेवूनही आतलं तेल घट्ट होतं, सर्व्हिसिंग चुकत नाही. (बंद सर्व्हरलाही अपडेट लागतातच!)

कपाटात ठेवणं मला त्याग वाटत नाही. तिथे कुलूप लागतं, 'माझं' आणखी पक्कं होतं. रोज चावी देताना मात्र आठवतं, हे तिचं, मी फक्त सांभाळतोय. म्हणून घालतो. ओरखडे पडतील, पडू देत.

आई अजून विचारते, "काच फुटली त मंग?" बदलू.