ताशी ऐंशीचा विवेक

माणसाची सदसद्विवेकबुद्धी नेमकी कुठे वसते, हा वाद फार जुना आहे. कोणी म्हणतं हृदयात, कोणी म्हणतं मेंदूत. आमच्या बँकेत काही जणांची ती इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी टेबलाच्या खालच्या खणात सापडते. भारत सरकारनं मात्र निदान मोटारवाल्यांपुरता हा वाद मिटवून टाकला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत विवेक डॅशबोर्डाच्या आत बसवून मिळतो. ताशी ८० किलोमीटरपर्यंत तो गाढ झोपलेला असतो. ऐंशी ओलांडली की अधूनमधून 'टिंग' करतो आणि एकशेवीस ओलांडली की अखंड ठणाणा. थकलेल्या कर्जदाराला आम्ही आधी आठवणीचं पत्र धाडतो आणि मग नोटीस, त्यातलाच हा प्रकार. आठवणीच्या पत्राचं पुढे काय होतं हे बँकेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

माझे साडू धुळ्याचे आणि मी जळगावचा. त्यामुळे लग्नकार्य असो, दहावं असो की थंडीतली भरीत-पार्टी असो, जळगाव-धुळे हा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता त्यांच्या मोटारीतून करण्याचा योग मला वारंवार येतो. बांभोरीला गिरणा ओलांडायची, एरंडोल, पारोळा, फागणे मागे टाकायचं की आलं धुळं. पूर्वीचा ६ नंबरचा आणि आता ५३ नंबरचा झालेला हा महामार्ग. बदली झालेल्या साहेबासारखा नंबर बदलला, स्वभाव तोच राहिला.

साडूंच्या गाडीत सल्लागार दोन. एक ही टिंग. दुसऱ्या मोबाइलमधल्या रस्ता दाखवणाऱ्या बाई. बाईंचं ज्ञान वरचं आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांकडून त्या आपला ठावठिकाणा काढतात, त्यावरून वेग ठरवतात आणि नकाशात नोंदलेल्या मर्यादेपलीकडे गाडी गेली की पडद्यावरचा आकडा लाल करतात. हे शास्त्र मोठंच आहे, यात शंका नाही. पण मागच्या सीटवर आमच्या सासूबाई असल्या की साडूंचा वेग त्यांना उपग्रहांच्या आधी कळतो.

अशा सूचनेच्या तीन अवस्था असतात, हे मी शेजारच्या सीटवरून अभ्यासलेलं आहे. गाडी नवीन असताना टिंग हा हुकूम असतो. ऐकल्याबरोबर पाय वर येतो. महिनाभरानं ती तक्रार होते. "हो हो, कळलं!" असं तिला उत्तर मिळतं. वर्षभरानं तिचं संगीत होतं. साडू गाण्याचा आवाज थोडा वाढवतात आणि टिंग त्यात तालवाद्यासारखी मिसळून जाते. एकदा मी दबकत विचारलं, "घंटी वाजतेय वाटतं?" तर म्हणाले, "साडूभाऊ, ती सरकारनं दिलेली परवानगी आहे. ऐंशीला वाजते याचा अर्थ काय? एकोणऐंशीपर्यंत सगळं माफ!"

या युक्तिवादाला बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही, म्हणून मी कायद्यात शोधलं. तिथे वेगळीच गंमत निघाली. २०१८ साली केंद्र सरकारनं मोटारींसाठी कमाल मर्यादा ठरवल्या, त्या अशा: द्रुतगती महामार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, नगरपालिकेच्या हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ७०. स्थानिक अधिकारी त्याहून कमी ठेवू शकतात. आता हिशेब घाला. चौपदरीवर टिंग कायद्याच्या वीस किलोमीटर आधीच ओरडते. आणि साध्या दुपदरी रस्त्यावर, जिथे बैलगाडी, सायकल आणि कापसानं फुगलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली एकाच वेळी भेटण्याचा संभव असतो, तिथे कायदा सत्तरला जागा होतो आणि टिंग आणखी दहा किलोमीटर घोरत पडते. म्हणजे घंटी वाजली नाही यावरून आपलं बरोबर चाललंय असं समजू नये. अंतःकरणाच्या घंटीबद्दलही वडीलधारी माणसं हेच सांगत आली आहेत.

पण ही घाई कशासाठी? कॉमर्सचा माणूस, म्हणून जमाखर्च मांडतो. नव्वद किलोमीटर अंतर ताशी ८० नं कापलं तर सदुसष्ट-अडुसष्ट मिनिटं. ताशी १०० नं चोपन्न. जमेच्या बाजूला मिनिटं साडेतेरा, तीही सारा रस्ता मोकळा मिळाला तर. ही साडेतेरा मिनिटं साडू धुळ्यात शिरल्याबरोबर चहाच्या टपरीवर "काय धावली गाडी!" हे सांगण्यात खर्च करतात. आता नावेची बाजू. ऐंशीला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, शंभरला जवळजवळ अठ्ठावीस. वेग सव्वापट झाला, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. वेग सरळ व्याजानं वाढतो आणि धक्का चक्रवाढीनं. फरक एवढाच की इथे व्याज भरणारा बहुधा दुसराच असतो. एरंडोलच्या शिवारात सायकलवरून डबा घेऊन निघालेल्या माणसानं तुमच्या साडेतेरा मिनिटांना जामीन राहायचं कधी कबूल केलं होतं?

आता बाईंच्या दुसऱ्या सेवेकडे येऊ. "पुढे वेग तपासणारा कॅमेरा आहे," असंही त्या सांगतात, आणि हे वाक्य मात्र साडू कधीही गाण्यात बुडू देत नाहीत. दोनशे मीटर ते संतपदाला पोचतात. कॅमेरा मागे पडला की पुन्हा संसारात. हलक्या मोटारीला दंड हजार ते दोन हजार, तेव्हा संतपण परवडतं. आमच्या बँकेतही अचानक तपासणी असते. तिला अचानक म्हणतात, कारण ती कधी आहे हे सर्वांना अचानक आदल्या दिवशी कळतं.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचं कोंदण आत फिरवलं की तो अदृश्य होतो. मग तो राजवाड्यात शिरतो, राणीला फितवतो, राजाला मारतो आणि गादीवर बसतो. प्रश्न असा की पकडलं जाण्याची भीती संपल्यावर माणूस सरळ राहील का? दोन हजारांहून अधिक वर्षं शहाणी माणसं यावर डोकं खाजवताहेत. आम्ही ती अंगठी मोबाइलात घालून घेतली. आपण कुठे दिसतो हे कळलं की बाकीच्या रस्त्यावर आपण अदृश्यच. तेव्हा सूचना आणि सूचना यांत फरक आहे. "तू जास्त वेगात आहेस" ही सूचना सायकलवाल्याला वाचवते. "तू पकडला जाशील" ही फक्त साडूंच्या खिशाला वाचवते.

तुम्ही म्हणाल, मग घंटी हवीच कशाला, गाडी ऐंशीच्या पुढे जाणारच नाही असं करून टाका. पुष्कळ मालट्रकांना आणि बसना तसे वेगनियंत्रक बसवलेले असतात. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून टोकणारी यंत्रणा सक्तीची झाली, पण तिथेही शेवटचा शब्द चालकाच्याच पायाचा ठेवला आहे. माणसाला हात धरून थांबवावं की नुसतं सांगावं, हा पेच मोटारीपेक्षा जुना आहे. धुळ्याशीही त्याचा संबंध आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या गीतेतला सारथी पाहा. लगाम त्याच्या हातात, ज्ञान उपग्रहांहून वरचं. पण सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतो काय, तर याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष भगवंतानंही नुसती टिंग वाजवली, ब्रेक दाबला नाही. अर्जुन मोठा, कारण त्यानं मधेच गाण्याचा आवाज वाढवला नाही.

आता राहिला मूळ प्रश्न. घंटीच्या भीतीनं हळू होणारा माणूस चांगला म्हणावा का? नीतिशास्त्राचा प्राध्यापक नाही म्हणेल. पण रस्ता ओलांडणारा माणूस तुमचा हेतू तपासत बसत नाही. गाडी हळू झाली एवढं त्याला पुरे. आमच्याकडेही हप्ता पश्चात्तापानं भरला की जप्तीच्या धाकानं, पावती एकाच रंगाची मिळते. तेव्हा घंटीच्या धाकानं का होईना, पाय उचलावा. पुण्याचं नंतर पाहू. मात्र घंटी आकड्यापलीकडे जात नाही. पारोळ्यात आज बाजार आहे, शाळा आत्ताच सुटली आहे, पलीकडच्या म्हातारीला कमी ऐकू येतं, हे तिला ठाऊक नसतं. तिथे मर्यादा साठ नाही की सत्तर नाही. ती आपल्या डोळ्यांनी पाहून आपणच ठरवायची असते, आणि तिथे टिंग वाजत नाही.

खानदेशात घराच्या ओट्यावर उभी राहून एखादी म्हातारी निघणाऱ्याला सांगते, "हायू हायू जाजो रे भो!" तिला ऐंशी ठाऊक नसतात, सत्तरही नाहीत. परवा सासूबाईंनी साडूंना असंच सांगितलं. बांभोरीच्या पुलापर्यंत साडू पन्नासच्या वर गेले नाहीत. पुढे एकदा टिंग झाली, तेव्हा मीच गाण्याचा आवाज कमी केला.

"काय झालं, साडूभाऊ?" ते म्हणाले.

"काही नाही," मी म्हटलं. "सासूबाई काहीतरी बोलल्या वाटतं."

साडूंनी दचकून आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. पण पाय वर आला होता.