दोन दोर

आहात तिथंच बसा. पाठ टेकली तरी चालेल.

हात मांडीवर ठेवा, तळवे वर. बोटं सैल सोडा.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आज एका सैनिकाची आठवण काढायची आहे. त्यांची सगळी कहाणी नको. फक्त त्यांचे हात बघायचे.

नाव रामा राघोबा राणे. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. वडील पोलिसात शिपाई. 1940 साली मुलगा फौजेत जातो, बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंत्यांच्या दलात. दुसऱ्या महायुद्धात आराकानच्या आघाडीवर जपान्यांशी लढतो.

एवढं पुरे. आता डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला.

एप्रिल 1948, काश्मीरची लढाई. नौशेराहून राजौरीकडे जाणारा डोंगरातला रस्ता. अरुंद, वळणावळणाचा.

हवा गार आहे. ताज्या तुटलेल्या चिडाच्या लाकडाचा वास येतो. राळेचा, जरा उग्र वास.

रस्त्यावर झाडं आडवी पाडली आहेत. मोऱ्या उडवून दिल्या आहेत. मातीखाली सुरुंग आहेत. मागं रणगाडे खोळंबले आहेत, आणि पुढं राजौरीत माणसं सुटकेची वाट बघत आहेत.

थांबा इथं. घाई करू नका. या रस्त्यावर घाई चालत नाही.

आता मातीकडे बघा. अगदी जवळून.

एक माणूस पालथा पडला आहे. सळईनं माती तिरकस टोचत टोचत पुढं सरकतो आहे. टोकाला काही कठीण लागलं की थांबतो. मग बोटांनी बाजूची माती सारतो. चिमूट चिमूट. वरून दाबायचं नाही. कडा मोकळी झाली की खाली बोट घालून चाचपायचं, तार तर नाही ना.

ते बोट बघा.

श्वास आत. थोडा धरून ठेवा. सोडा.

8 एप्रिलला, काम सुरू होण्याआधीच, उखळी तोफांचे गोळे पडतात. तुकडीतले दोघं जागीच जातात. पाच जखमी होतात. त्या पाचांत खुद्द सेकंड लेफ्टनंट राणे आहेत. वय 29.

गेलेल्या त्या दोघांपाशी क्षणभर थांबू या.

मग उठू या, कारण राणे उठले आहेत. उरलेल्यांना गोळा करतात, जखम तशीच, आणि मातीला भिडतात.

आता एकच चित्र. याच चित्रापाशी आपल्याला राहायचं आहे.

रस्ता सुरुंगांनी भरलेला. वरून मशीनगनचा मारा. उघड्यावर डोकं वर काढायची सोय नाही. राणे एका रणगाड्याच्या पोटाखाली शिरतात. रणगाडा इंचाइंचानं सरकतो, आणि त्याच्या खाली, त्याच्याच चालीनं, माणूस रांगत सरकतो.

त्यांच्याजवळ दोन दोर आहेत. दोरांची दुसरी टोकं वर चालकाकडे. खालून ओढ बसली की वर इशारा पोचतो.

बघा. वर लोखंड. खाली माती. मधे हातभर जागा.

ऐका. इंजिनाची घरघर छातीत उतरते. साखळ्या दोन्ही कानांशी करकरतात. कोळपलेल्या तेलाचा वास.

एवढ्या आवाजात शब्दाला किंमत नाही. चालकाला खालचा माणूस दिसत नाही. खालच्याला चालकाचं तोंड दिसत नाही. बैलाच्या कासऱ्याला जशी हलकी ओढ पुरते, तशी ओढ. तेवढ्यावर टनावारी लोखंड चालतं, तेवढ्यावर थांबतं.

तुमच्या मांडीवरच्या तळव्यांत ते दोर आलेत असं समजा.

मुठी किंचित मिटा. खरखरीत काथ्या जाणवू द्या.

आवळू नका. सैलही सोडू नका.

श्वास आत. श्वास बाहेर.

थोडा वेळ इथंच राहा.

पुन्हा एकदा. श्वास आत. श्वास बाहेर.

हे एका तासाचं काम नव्हे. 10 एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे कामाला लागतात. आदल्या संध्याकाळी अंधारानं थांबवलेला अडथळा, चिडाची पाच मोठी झाडं आणि भोवती सुरुंग, साडेसहाला मोकळा होतो. रणगाडे पुढं निघून राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचतात, तरी राणे मागंच रस्त्यावर आहेत. मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांना वाट हवी. रात्री नऊपर्यंत अन्न नाही, विश्रांती नाही. 11 तारखेला सकाळी सहाला पुन्हा तेच. अकराला चिंगसचा रस्ता खुला होतो. दुसऱ्या दिवशी फौज राजौरीत शिरते.

मला या माणसापुढं हात जोडावेसे वाटतात ते इथं. रणगाडे पुढं गेल्यावर, आता कुणी बघत नसताना, मागच्यांसाठी माती चाचपत बसलेल्या त्या जखमी माणसापुढं.

त्यांना परमवीर चक्र मिळालं ते वाट मोकळी करण्याबद्दल. हयातीत हा मान मिळालेल्या मोजक्या सैनिकांतले ते एक.

आता मुठी उघडा. दोर जाऊ द्या.

हातांकडे पुन्हा बघा. हेच हात आता घरी येतात.

1955 साली लग्न होतं. संसार मांडला जातो, मुलं होतात. 1968 साली मेजर राणे निवृत्त होतात.

या वर्षांबद्दल कागदावर फार थोडं आहे. घरातल्या माणसाचं तसंच असतं. म्हणून इथं आपण हळू चालू या.

सुरुंगाची कडा शोधणाऱ्या त्याच बोटांनी कधी लहान मुलाच्या सदऱ्याची गुंडी लावली असेल. तापलेल्या कपाळावर हात ठेवला असेल. भाजीची पिशवी, छत्री, दाराची कडी धरली असेल.

ती बोटं मनात आणा. सुरकुतलेली. नखांखाली आता माती नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

चार दिवस रस्त्यावर, आणि पुढं सेहेचाळीस वर्षं. दोन्ही एकाच माणसाची. मला ती वेगळी काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत.

11 जुलै 1994 रोजी, वयाच्या 76व्या वर्षी, पुण्यात ते गेले.

कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. त्या बाजूला गेलात तर जरूर थांबा.

पण आधी आपल्या गावात, आपल्या आळीत बघा. 1971 च्या लढाईत ऐन विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात, कोकणात असे आजोबा घरोघरी आहेत. काहींना ऐकू कमी येतं. काहींनी लढाईचा विषय घरात कधी काढलेलाच नाही.

एखाद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जा. युद्धाबद्दल एकदम विचारू नका. चहा घ्या, गुडघे कसे आहेत विचारा, नातवंडांची चौकशी करा. ते बोलायला लागले तर मधे तोंड घालू नका. नाही बोलले, तर पुन्हा जा.