जक्कयाच्या वहीतील दोन रकाने

शास्त्रपाठ : लूक १९:१–१०



यरीहोतील जक्कय हा जकातदारांचा मुख्य असून धनवान होता. प्रभू येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने उभे राहून दोन गोष्टी कबूल केल्या. आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांस वाटून टाकावयाचा, ही एक. आणि ज्या कोणाचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट भरून द्यावयाचे, ही दुसरी. या दोन गोष्टी आपण पुष्कळदा एकच समजतो. परंतु एक दान आहे, दुसरी परतफेड. मेंढरू चोरून कापणाऱ्यास किंवा विकणाऱ्यास मोशेच्या नियमशास्त्रात चौपट भरपाई सांगितली आहे (निर्गम २२:१). जक्कयाने ते चोराचे माप स्वतःस लावून घेतले. अर्धी मालमत्ता दिली म्हणून चौपटीतून सूट मागितली नाही.

आमचे उचगाव महामार्गाच्या कडेला आहे. एकीकडे शिरोलीची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे गोकुळ शिरगावची. आमच्या कित्येक घरांतील चूल तेथील फौंड्र्यांच्या भट्टीवर पेटते. म्हणून कारखानदारीस सरसकट दूषण देणे आम्हांस शोभणार नाही. परंतु त्याच ओतकामाच्या वाळूची बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसात बसते, आणि तिने जडणारा सिलिकोसिस औषधाने बरा होत नाही. पंचगंगेची दशा तर सर्वांस ठाऊक आहे. शहराचे सांडपाणी (त्यात आपल्या मोऱ्यांचेही पाणी आहे, हे विसरू नये), साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी, इचलकरंजीत कापड रंगवून उरलेले पाणी, हे सारे पोटात घेऊन ती नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच लोकांनी अनेकदा पाहिला आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली आणि माणसे दगावली.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील निदान शेकडा दोन लोकोपयोगी कार्यास खर्च करणे भाग पाडले आहे. अशा पैशातून शाळेस बाके मिळतात, दवाखान्यास यंत्रे मिळतात. त्याबद्दल देवाचे आभार मानावे. पण हा वहीतील पहिलाच रकाना झाला. नदीकाठच्या ज्या घरातून काविळीने कर्ता मनुष्य गेला, त्या घरास दुसऱ्या गावच्या शाळेतील बाकाने काय पोचले? कोणी खड्डा उघडा ठेवला व त्यात शेजाऱ्याचा बैल पडून मेला, तर खड्ड्याच्या धन्याने बैलाची किंमत भरावी, असे शास्त्र सांगते (निर्गम २१:३३–३४). त्याने निवासमंडपास देणगी द्यावी, असे तेथे सांगितलेले नाही.

दुसरा रकाना धंद्याच्या आतच भरावा लागतो. वापरलेली वाळू यंत्राने शुद्ध करून पुन्हा साच्यास घालता येते. धूळ उडते तेथेच ती ओढून घेणारी यंत्रे बसविता येतात. रंगाचे पाणी निवळून, गाळून पुन्हा कामास आणता येते. यास पैसा लागतो व माल थोडा महाग पडतो. आणि येथे आपण गिऱ्हाइके मध्ये येतो, कारण आपणांस सर्व काही स्वस्तच पाहिजे असते.

गिऱ्हाइकाच्या हाती किती असते, हे कोल्हापूरने पूर्वीच पाहिले आहे. गंगाराम कांबळे यांस, ते अस्पृश्य असून पाण्यास शिवले म्हणून, मारहाण झाली होती. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांस भांडवल देऊन चहाचे दुकान घालावयास लाविले. दुकान निघाले, पण त्यांच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराजांची गाडी त्या दुकानापुढे थांबू लागली. ते स्वतः चहा घेत व बरोबरच्या मंडळींसही पाजीत. (त्या मंडळींची तोंडे कशी झाली असतील ते ज्याने त्याने मनात आणावे.) भांडवल देऊन महाराजांस मोकळे होता आले असते, ते गिऱ्हाईक झाले.

आमच्या मंडळीत मोठे कारखानदार नाहीत. दुधाचा रतीब घालणारे आहेत, टपरीवाले आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, चार गड्यांवरचे मुकादम आहेत. त्यांनी येत्या शनिवारी हिशेबाची वही उघडून शेवटच्या पानावर दोन रकाने आखावे. एकात दशांश व दान लिहावे. दुसऱ्यात, आपल्या धंद्यापायी ज्यांचे काही गेले त्यांची नावे लिहावी: पाणी घातलेले दूध घेणारी शेजारीण, मजुरी अडकून पडलेला गडी, ज्याच्या बांधाला आपण वाहिलेली काळी वाळू पडली तो शेतकरी. नावापुढे रक्कमही लिहावी. जे कोणी ती वही घेऊन आम्हांकडे येतील, त्यांच्याबरोबर बसून आम्ही प्रार्थना करू, आणि एकट्याने जाणे जड वाटत असेल तर त्या त्या घरी त्यांच्यासोबत जाऊ.