उघडं अंग, झाकलेला चेहरा

फ्लॉरेन्समधल्या ब्रांकाच्ची चॅपेलच्या भिंतीवर मसाच्चो या चित्रकाराने १४२५च्या सुमारास एदेन बागेतून हाकलले गेलेले आदाम आणि हव्वा रंगवले. हव्वेचे दोन्ही हात अंग झाकण्यात गुंतलेले आहेत. आदामाने मात्र दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला आहे. बाकी सगळा तो उघडा. १६८०च्या सुमारास हे सोवळ्या नजरांना सोसवेना आणि दोघांच्या कमरेपाशी पानं रंगवली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र स्वच्छ करताना ती काढून टाकली. पानं रंगवणाऱ्यांना चित्र कळलंच नव्हतं. लाजलेल्या माणसाला आधी तोंड लपवायचं असतं.

आपल्याकडे हे समजायला चित्रकाराची गरज नाही. पहाटेच्या एसटीने आडगावांतून प्रवास केलेल्यांनी पाहिलं असेल: दिव्यांचा झोत पडला की रस्त्याकडेला बसलेल्या बायका झटकन उठतात आणि पदर तोंडावर ओढतात. अंग कुणाचंही असू शकतं. चेहरा अमक्याच्या सुनेचा असतो.

तेरला सापडलेली लज्जागौरी आठवा. गुडघे फाकवलेली, योनी उघडी, आणि शिराच्या जागी कमळ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात तिची मुळं मातृदेवतेच्या, सर्जनाच्या पूजेत दाखवली. ती घडवणाऱ्या हातांना लाजेचा प्रश्न पडला असेल, असं तिच्या रूपावरून तरी वाटत नाही. लोककथेला मात्र पडला. शिवपार्वतीच्या एकांतात कुणी भक्त शिरला आणि शरमेने देवीचं मस्तकच गळालं, असं कथा सांगते. अंग झाकायचं सोडून डोकं नाहीसं! आदामाच्या हातांनीही दुसरं काय केलं होतं?

कपड्यांचं कारण यापेक्षा सोपं असावं. कपड्यांत राहणारी ऊ डोक्यातल्या उवेपासून कधी वेगळी झाली, यावरून २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने माणसाच्या कपड्यांचं वय काढलं: सुमारे १ लाख ७० हजार वर्षं. थंडीने कपडे समजतात, लाज समजत नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्तादापुढे लंगोटावर घुमणारा पैलवान त्याच लंगोटावर मंडईत भाजी घ्यायला जाणार नाही.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात तर पृथ्वीवर तिसरं माणूसच नाही. नवराबायको दोघंच, तरी फळ खाल्ल्यावर अंजिराची पानं जोडून नेसतात. मी नागवा होतो म्हणून लपलो, असं आदाम देवाला सांगतो, आणि देव विचारतो, तू नागवा आहेस हे तुला कुणी सांगितलं? पुढे शिक्षा सुनावून झाल्यावर तोच देव दोघांना कातड्याची वस्त्रं करून घालतो. ही कथा पापाची म्हणून सांगतात. मला ती माणूस स्वतःला बाहेरून पाहायला शिकला, त्या क्षणाची वाटते.

भागवताच्या पहिल्या स्कंधात याच धाग्याचं दुसरं टोक आहे. नग्न शुक रानातून चालला आहे, मागून वस्त्र नेसलेले वृद्ध व्यास. वाटेत स्नान करणाऱ्या अप्सरा तरुण, नग्न शुकाला पाहून हलतही नाहीत. व्यास दिसताच वस्त्रं ओढून घेतात. व्यासांनी कारण विचारलं तर त्यांचं उत्तर असं, की तुमच्या दृष्टीत स्त्री-पुरुष हा भेद आहे, तुमच्या मुलाच्या नाही. व्यासांची नजर वाईट होती असं त्या म्हणत नाहीत, हे महत्त्वाचं. ती फक्त ओळखणारी, वर्गवारी लावणारी नजर आहे. लाजायला तेवढी पुरते. आणि हे निदान साक्षात वेदव्यासांना ऐकवतात त्या पाण्यातल्या बायका.

दहाव्या स्कंधातलं, कृष्णाने केलेलं गोपींचं वस्त्रहरण मला इतकं निर्मळ वाचता येत नाही. जीवाची आवरणं गळाल्याशिवाय परमेश्वर भेटत नाही, हा कीर्तनातला अर्थ सुंदर आहे खरा. पण वस्त्रं घेऊन कदंबावर बसलेला एक वर, आणि ऐन हेमंतात गळ्याइतक्या पाण्यात कुडकुडणाऱ्या सगळ्या खाली. कुणी केव्हा उघडं व्हायचं हे वरचा ठरवतो. देव असेल तर ठीक. माणसं वर बसली की काय होतं, ते त्रावणकोरमध्ये दिसलं.

तिथे उघडी छाती हा अदबीचा भाग होता. वरच्या जातींपुढे नाडार स्त्रियांनी छाती झाकणं हा उद्धटपणा. ख्रिस्ती झालेल्या नाडार बायका झंपर घालू लागल्या, तेव्हा भर बाजारात त्यांचे कपडे फाडले गेले, दंगे उसळले. झाकलेली छाती पाहून लोक संतापत होते! जिच्याकडे माणूस म्हणून पाहायचंच नाही, तिला लाज असण्याचाही हक्क नव्हता. अखेर मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याच्या दबावामुळे महाराजांनी जुलै १८५९मध्ये नाडार स्त्रियांना छाती झाकायची परवानगी दिली. अट एकच घातली: वरच्या जातीच्या बायका झाकतात, तशा पद्धतीने झाकायची नाही.