हसून झाल्यावर

आमच्या धर्मग्रामात एक वाचक आहेत. वाचक एवढीच त्यांची ओळख पुरेशी आहे, कारण नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी वाचनाखेरीज दुसरा उद्योग केलेला नाही, आणि वाचलेल्या प्रत्येक गोष्टीवर मत दिल्याशिवाय त्यांना रात्रीचे जेवण गोड लागत नाही. सकाळची मिस्सा आटोपली की ते फाटकापाशी थांबतात, पिशवीतून वर्तमानपत्राचे कात्रण काढतात आणि विचारतात, "फादर, आजचे शुभवर्तमान वाचलेत का?" शुभवर्तमान म्हणजे कुठल्याशा मंत्रिमहोदयांचे भाषण.

त्यांची मते ऐकण्यासारखी असतात. निवडणुकीविषयी ते म्हणतात, "निवडणूक आली की आमच्या गल्लीत रस्ता येतो, निकाल लागला की तो परत जातो." दूरचित्रवाणीवरील चर्चेविषयी त्यांचे निरीक्षण असे: "पडद्यावर आठ चौकटी, आठ तोंडे, कान मात्र एकही नाही." नागरी स्वातंत्र्याचा विषय निघाला की ते राज्यघटनेवर घसरतात. "एकोणिसावे कलम वाचा, फादर. पहिले उपकलम देण्यासाठी, दुसरे परत घेण्यासाठी." यात अतिशयोक्ती आहे, पण निखालस खोटेपणा नाही. घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा, १९५१ मध्ये, पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची यादी वाढवली, हे खरेच आहे. त्या निर्बंधांना 'वाजवी' हे विशेषणही त्याच दुरुस्तीने जोडले, एवढे मात्र आमचे वाचक सोयीस्करपणे विसरतात.

एके दिवशी त्यांनी गंभीर चेहरा करून विचारले, "फादर, मी हे जे बोलत असतो ते पापात मोडते का? मोडत असेल तर कोणत्या?" मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

मराठी भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. विनोद, थट्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, उपहास, उपरोध: प्रत्येक शब्दाची धार वेगळी. सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजनांनी संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा'तील एक प्रकरण वाचायला लावले होते. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील पंचाहत्तरावा प्रश्न उपहासाविषयी आहे. निंदा, चहाडी आणि शिवीगाळ यांच्या शेजारीच संत थॉमस यांनी उपहासाला बसवले आहे. तरुणपणी ते मला अन्यायाचे वाटले. एवढा मोठा तत्त्वज्ञ, आणि त्याला हसणे सोसवत नाही! पुढे पुन्हा वाचले तेव्हा ध्यानात आले की त्यांचा मुद्दा निराळाच आहे. ते म्हणतात, हसू नेहमी कशाच्या तरी उणिवेवर येते. पण मोठे अनिष्ट समोर असेल तर माणूस त्याचा खेळ करीत नाही, त्याला गांभीर्याने घेतो. तेव्हा आपण एखाद्या अनिष्टावर हसतो याचा अर्थ आपण ते लहान मानले आहे. आता ते खरोखरच लहान असेल तर फारसे बिघडत नाही. पण ते ज्याच्यावर ओढवले आहे त्या माणसालाच आपण लहान मानत असू, तर पाप तिथे सुरू होते.

हा विचार मी पुष्कळ दिवस बाजूला ठेवला होता, कारण इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो असे मला वाटे.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली तेव्हा मी पाच वर्षांचाही नव्हतो. जे सांगतो ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आणि नंतर वाचलेले. वर्तमानपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. 'इंडियन एक्सप्रेस'ने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच दिवशी मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त छोट्या जाहिरातींत एक मृत्यूची सूचना छापून आली. इंग्रजीतील लोकशाही या शब्दाची अक्षरे तोडून मृताचे नाव तयार केले होते: आडनाव डी'ओक्रसी, आद्याक्षरे डी. ई. एम. पत्नीचे नाव टी. रूथ, मुलाचे एल. आय. बर्टी, म्हणजे सत्य आणि स्वातंत्र्य. भावंडे श्रद्धा, आशा आणि न्याय. मृत्यू २६ जूनचा. आपल्या वाचकांच्या एक गोष्ट चटकन लक्षात येईल. डिसोजा, डिसिल्व्हा, डिमेलो यांच्या ओळीत हे आडनाव असे काही चपखल बसले होते की वांद्र्याच्या किंवा वसईच्या कुठल्याही कुटुंबातली ती सूचना वाटावी. लोकशाही वारली आणि आपल्या आडनावाने वारली, याचा मला उगाचच थोडा अभिमान वाटतो. जे सरळ छापणे धोक्याचे होते ते वाकड्या वाटेने छापले गेले, आणि वाचणाऱ्यांना कळले की आपण एकटे नाही.

मराठीत ही वाट त्याआधीच मळलेली होती. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये पुण्यात 'काळ' साप्ताहिक सुरू केले आणि वक्रोक्तीच्या बळावर दहा वर्षे चालवले. इंग्रज सरकारची स्तुती ते अशी करीत की सरकारला लाज वाटावी. अखेर सरकारलाही वक्रोक्ती समजू लागली, आणि १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाबद्दल तुरुंगवास झाला. ज्या कलमाखाली टिळक आणि परांजपे तुरुंगात गेले त्याच १२४-अ कलमाखाली २०१२ मध्ये, स्वतंत्र भारतात, असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत अटक झाली. पुढे शासनाने तो आरोप मागे घेतला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम स्थगित ठेवायला सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत त्याच्या जागी १५२ वे कलम आले. आमच्या वाचकांचा शेरा: "बारसे नवीन, बाळ तेच."

त्याच २०१२ सालातली दुसरी गोष्ट आपल्या अगदी दाराशी घडली. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या बंदविषयी पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्यांच्या निधनानंतर हे घडले ते स्वतः व्यंगचित्रकार होते आणि 'मार्मिक'च्या पानांवर त्यांनी भल्याभल्यांना रेषेने बोचकारले होते, हे त्या दिवशी कोणाला आठवले नसावे. ज्या ६६-अ कलमाचा त्या प्रकरणी आधार घेतला गेला, ते २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. तोपर्यंत पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला होता. मुली मात्र मोठ्या होण्याआधीच गप्प राहायला शिकल्या असतील.

तेव्हा मी मनाशी एक नियम ठरवला होता. हसू खालून वर जात असेल तर ते क्षम्य, वरून खाली येत असेल तर पाप. बायबलमध्ये दोन्ही सापडते. एलिया संदेष्टा राजाश्रय लाभलेल्या बआलच्या शेकडो पुजाऱ्यांना एकटा सामोरा जातो आणि तुमचा देव झोपला असेल, प्रवासाला गेला असेल, अशी त्यांची थट्टा करतो. प्रभू येशूने परूशांना चिलट गाळून उंट गिळणारे ठरवले. उलट, शिपायांनी प्रभूला जांभळा झगा घातला, काटेरी मुकुट ठेवला आणि गुडघे टेकले. तोही उपहासच, पण बांधलेल्या माणसाचा, हाती शस्त्र असलेल्यांनी केलेला. नियम सुटसुटीत होता. आमच्या वाचकांना मी त्याच्या आधारे निर्दोष सोडले असते. पण मध्ये २०२० साल आले.

त्या वर्षी ८ ऑक्टोबरला येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना रांचीहून अटक करून मुंबईला आणले आणि तळोजा तुरुंगात ठेवले. वय त्र्याऐंशी. कंपवातामुळे हातात पेला धरवत नसे. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून न्यायालयाकडे अर्ज केला, त्यावर तारखा पडल्या, आणि महिन्याच्या अखेरीस तपास यंत्रणेने सांगितले की आम्ही त्या वस्तू घेतल्याच नव्हत्या. देशभरातून लोक तुरुंगाच्या पत्त्यावर असे पेले पाठवू लागले. आमच्या वाचकांनी फाटकापाशी एक वाक्य उच्चारले: "सरबताच्या दुकानात जी गोष्ट न मागता मिळते, तिच्यासाठी फादरांना वकील द्यावा लागला."

वाक्य अप्रतिम होते. देवळे नुकतीच उघडली होती. आगमनकाळातल्या एका रविवारी मी ते प्रवचनात वापरले, त्यांचे नाव न घेता. तोंडावर पट्ट्या बांधलेली माणसे अंतर राखून बसली होती. हसू दिसले नाही, पण खांदे हलले. मिस्सेनंतर चारजणांनी माझे अभिनंदन केले. फादरांच्या प्रकृतीची चौकशी एकानेही केली नाही. मीही पुढे काही बोललो नाही. एका व्रतस्थ भगिनीने सह्या गोळा करण्यासाठी पाठवलेला विनंतीअर्ज त्या दिवशी माझ्या टेबलाच्या खणात होता. तो पुढच्या रविवारी ठेवू, असे म्हणालो. मग नाताळ आला.

५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच, वांद्र्याच्या एका रुग्णालयात फादरांचे निधन झाले. त्यांच्यावरील खटला सुरूच झाला नव्हता. दुसऱ्या लाटेमुळे देवळे पुन्हा बंद होती. आमचे वाचक संध्याकाळी फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. हातात कात्रण नव्हते. "फादर," ते म्हणाले, "आपण फार हसलो."

त्या रात्री मी संत थॉमस यांचे पुस्तक पुन्हा काढले. माझ्या नियमाप्रमाणे आम्ही दोघेही निर्दोष होतो. आमचे हसू सत्तेकडे गेले होते, तुरुंगातल्या माणसाकडे नव्हे. पण हसताना अन्याय आमच्या ओंजळीत मावेल एवढा झाला होता, आणि ओंजळीतली गोष्ट खाली ठेवता येते. सत्तेला त्या हसण्याचा काही त्रास झाला नाही. आमचे मन मात्र कर्तव्य केल्यासारखे हलके झाले. १९७५ च्या मृत्युसूचनेत आणि माझ्या प्रवचनात फरक हा की ती छापणाऱ्याने काहीतरी पणाला लावले होते. मी टाळ्या कमावल्या. दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध जे सांगितले त्यात वक्रोक्ती नव्हती, आणि त्यांना पुढे तुरुंगात जावे लागले. ज्यांना खरोखर काही भोगावे लागते त्यांचे बोलणे पुष्कळदा सरळ असते, असे मला आता वाटू लागले आहे. अपवाद आहेत, परांजपे आहेतच.

म्हणून उपरोध सोडावा का? माझे मत तसे नाही. ज्या समाजात कोणीच तिरके बोलत नाही तिथे एकतर स्वर्ग असतो नाहीतर पोलिसांचे राज्य, आणि स्वर्गाविषयी आमच्या वाचकांना खात्री नाही. पण उपरोधाला एका सरळ कामाची जोड असावी. आपल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस शंभरातले पंचाहत्तरांहून अधिक कैदी कच्चे होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे. त्यांच्यातल्या अनेकांना जामीन मिळूनही हमीची रक्कम नसल्याने बाहेर येता येत नाही. यावर विनोद करता येईल. आमच्या वाचकांनी तो केलाही आहे. मी इथे देत नाही.

गेली दोन वर्षे ते दर शुक्रवारी धर्मग्रामाच्या कार्यालयात बसतात आणि ज्यांना लिहिता येत नाही अशांचे अर्ज लिहून देतात: जामिनाच्या हमीचे, कागदपत्रांचे, भेटीच्या परवानगीचे. एका आदिवासी बाईंच्या मुलासाठी त्यांनी लिहिलेला अर्ज परवा माझ्यापुढे ठेवला. भाषा सरळ, थोडी रुक्ष, पण चोख होती. शेवटच्या परिच्छेदात मात्र त्यांच्या जुन्या वळणाचे एक वाक्य डोकावत होते. मी पेन उचलून म्हटले, "हे खोडू का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मुलगा सुटेपर्यंत खोडा," ते म्हणाले, "मग परत द्या मला."