निर्णय त्यांचा

मूलच्या बसस्थानकावर गडचिरोलीची एसटी लागली, की तीत कधीमधी विद्यापीठातला एखादा अभ्यासक दिसतो. पाठीवर सॅक, हातात वही. कुणी मूल तालुक्यातल्याच सोमनाथला येऊन गेलेला असतो. बाबा आमटेंच्या या प्रकल्पात कुष्ठमुक्त माणसांनी शेती कशी उभी केली, हे त्याला समजून घ्यायचं असतं. कुणाला गडचिरोलीच्याही पुढे, धानोरा रस्त्यावरच्या मेंढा (लेखा) गावाला जायचं असतं. चार दिवस येऊन यांना काय कळणार, असं लोक सहज म्हणतात. मला ते बोलणं कठोर वाटतं. आपण जिथे राहत नाही, तिथलं जगणं जाणून घ्यावंसं वाटणं ही चांगलीच ओढ आहे. कळलेल्याचं पुढे काय करायचं, तेवढं मात्र शिकावं लागतं.

मेंढ्याने त्याची फार छान सोय लावली आहे. हे शंभरेक घरांचं गोंड गाव. तिथे बहुमताने काही ठरत नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत गाव थांबतं. गावाच्या सभेच्या जोडीला तिथे अभ्यास गट आहे. जंगलाचा कायदा काय म्हणतो, माश्या न मारता मध कसा काढावा, असा एखादा विषय घेऊन बसायचं आणि मोकळं बोलायचं. तिथे बाहेरच्या माणसालाही जागा असते. त्याने माहिती द्यावी, शंका काढाव्यात, वादही घालावा. पण अभ्यास गटात निर्णय होत नाही. तो गावाच्या सभेत होतो आणि गावची माणसंच तो घेतात. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल या गावाशी असेच जोडलेले राहिले. गावातले देवाजी तोफा आणि इतर गावकऱ्यांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, पण ते गावाचे पुढारी झाले नाहीत. अशा माणसाला ते ‘सहयोगी मित्र’ म्हणत. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आहे. पुढे मिलिंद बोकील यांनी या गावावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिलं. तेही बाहेरूनच आलेले. बाहेरच्या माणसाने इतक्या आपुलकीने पाहिलं, म्हणून गावाची गोष्ट महाराष्ट्रभर पोचली.

आपल्या नात्यांतही आपण पुष्कळदा असे बाहेरून पाहणारे असतो. लेकीचा संसार, शेजारच्या मुलाची दहावी, गावाकडच्या भावाची शेती. समजा, आपण नोकरीनिमित्त चंद्रपूरला आहोत आणि धाकटा भाऊ धान करतो. बियाण्याचं, पीकविम्याचं आपल्या कानावर काही आलेलं असतं. ते त्याला जरूर सांगावं. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नये. माहिती हातची राखून ठेवण्यात कसला आलाय मान? पण रोवणी कधी करायची, मजूर किती लावायचे, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. बांधीतल्या चिखलात पाय त्याचे असतात. पीक गेलं तर कर्जही त्याच्याच डोक्यावर येतं.

आज कामाला निघण्याआधी असा एखादा फोन करायचा असेल, तर आपल्याला ठाऊक असलेलं नीट, सावकाश सांगावं. मग विचारावं, ‘तुला काय वाटते रे?’ तो लगेच बोलला नाही, तर आपणच उत्तर पुरवायला धावू नये. उद्या सांगतो म्हणाला, तर उद्यावर जाऊ द्यावं. मेंढ्यातही एका बैठकीत सहमती झाली नाही, तर तो विषय पुढच्या सभेत पुन्हा घेतात.